ले-आउटची मोकळी जागा: वस्तीनं आपसात बोलून ती कशी घडवावी

नागपुरात कुठल्याही ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, एक तुकडा असा असतोच, की जो कोणी विकत घेतलेला नाही. नकाशात तो ‘खुली जागा’ म्हणून दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तिथं कुठं बांधकामाची गिट्टी पडलेली, कुठं चारचाक्या उभ्या, कुठं क्रिकेट, कुठं लग्नाचा मंडप. मग एखाद्या वर्षी तीन-चार वडीलधारी मंडळी निवेदन लिहितात, नगरसेवकाकडे जातात, आणि त्या जागेत पेव्हर ब्लॉक, व्यायामाची चार यंत्रं आणि नावाची मोठी पाटी येते. दोन पावसाळ्यांनंतर यंत्रांचे जोड गंजतात, पाटी तेवढी शाबूत राहते.

यात पैसा कमी पडला असं नसतं. वस्तीचं आपसातलं बोलणंच झालेलं नसतं. झालेलं असेल तर ‘काय काय हवं’ याची यादी झालेली असते. यादी करायला नागपूरकरांना शिकवावं लागत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, शहराची सगळी गाऱ्हाणी दरवर्षी लिहिलेली असतात. अवघड आहे ते पुढचं ठरवणं: ही जागा कोण, किती वाजता, कशासाठी वापरणार, किल्ली कोणाकडे आणि झाडाला पाणी कोण घालणार. या लेखातली सगळी रीत त्या प्रश्नांभोवती बांधली आहे.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ: १८० घरांचा ले-आउट आणि ३० मीटर बाय ४० मीटरची, म्हणजे १,२०० चौरस मीटरची मोकळी जागा. सार्वजनिक विहीर, बंद पडलेलं वाचनालय किंवा समाजभवन असेल तरी पायऱ्या याच, फक्त मोजमापं बदलतील. सुरुवात ते कार्यालयात पत्र देणं, एवढ्याला चार ते पाच महिने धरा. यापेक्षा घाई केली तर लहान गटांच्या बैठका गाळल्या जातात, आणि सगळ्यात महागात पडणारी काटछाट तीच.

आधी कागद

कोणालाही बैठकीला बोलावण्याआधी जागेचे कागद हातात हवेत. नाहीतर पहिल्याच सभेत कोणीतरी उठून म्हणतो, “ही जागा तर त्या बिल्डरची आहे जी,” आणि पुढचा तास त्यावरच जातो.

चार कागद काढायचे. पहिला सातबारा किंवा आखीव पत्रिका. जमीन नझूल (सरकारी मालकीची) असेल तर तेही त्यातच कळतं. दुसरा मंजूर ले-आउटचा नकाशा. तिसरा विकास आराखड्याचा उतारा, कारण त्या जागेवर शाळा, रस्ता किंवा दवाखान्याचं आरक्षण असू शकतं. चौथा हस्तांतरणाचं पत्र, म्हणजे ती जागा कोणी कोणाच्या ताब्यात दिली याचा पुरावा. हा चौथा कागद नागपुरात सगळ्यात त्रास देतो. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं चालतं, महानगरपालिका वेगळी, आणि प्रन्यास राहणार की जाणार यावर गेल्या काही वर्षांत निर्णय फिरत राहिले. त्यामुळे एकाच जागेची अर्धी फाईल सदरला प्रन्यासच्या कार्यालयात आणि अर्धी मनपाच्या झोन कार्यालयात असू शकते. ५७२ आणि १९०० ले-आउटच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, मुळात अनधिकृत असलेल्या वस्त्यांत तर हे हमखास. तुमच्या प्लॉटचं आरएल लेटर (नियमितीकरणाचं पत्र) आलं म्हणजे मोकळ्या जागेचा ताबाही ठरला, असं धरून चालू नका. गुंठेवारीच्या काही ले-आउटमध्ये मुळात मोकळी जागा सोडलेलीच नसते. तिथं वादातल्या प्लॉटवर सभा भरवण्यापेक्षा रस्त्याचं टोक, नाल्याकाठची पट्टी किंवा शाळेचं पटांगण हा विषय घ्यावा.

कागद सरळ मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. “आमच्या ले-आउटची सर्व माहिती द्यावी” असं लिहिलं की अर्ज परत येतो. “अमुक खसऱ्यातील मंजूर ले-आउट नकाशाची प्रमाणित प्रत आणि खुल्या जागेच्या हस्तांतरण पत्राची प्रत” असं नेमकं लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीचे पानामागे २ रुपये. उत्तर न आल्यास पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट. त्याआधी एक सोपा मार्ग करून पाहा: सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक कार्यालयांतल्या फायली नागरिकांना पाहता येतात. फाईल समोर पाहिली की अर्जात नेमकं काय मागायचं ते कळतं.

मग हे सगळं एका पानावर साध्या मराठीत उतरवा. जागा किती, कोणाच्या नावावर, कोणाच्या ताब्यात, नियमानं तिथं काय होऊ शकतं आणि काय नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटला साधारणपणे १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती उपकाराची नाही, प्रत्येक प्लॉटधारकानं तिची किंमत प्लॉटच्या भावातच मोजलेली असते. हे वाक्य पानावर जरूर घाला, कारण सभेत आवाज न चढवता हक्क मांडायला तेच कामी येतं.

पाहणी: दोन दिवस, चार वेळा

लोक काय करतात ते लोकांना विचारून पूर्ण कळत नाही. एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. सकाळी ६, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ९, प्रत्येक वेळी अर्धा तास दोघांनी जागेत बसायचं. वहीत चार रकाने: कोण (बाई, पुरुष, मूल, अंदाजे वय), काय करतंय, कुठल्या कोपऱ्यात, किती वेळ. मोबाइलनं फोटो काढत बसू नका. लोक उठून जातात आणि पाहणी बिघडते.

या वहीत दोन गोष्टी जवळजवळ नेहमी दिसतात. चौदा ते वीस वयाच्या मुली एकाही वेळेला दिसत नाहीत. आणि दुपारी एक वाजता, जेव्हा “तिथं कोणीच नसतं” असं सगळे सांगतात, तेव्हा झाडाखाली घरकाम करणाऱ्या बाया डबा खात असतात किंवा एखादा ठेलेवाला गाडी सावलीत लावून पडलेला असतो. नकाशा काढताना झाड तोडून ‘प्रवेशद्वार’ काढायचं ठरलं तर यांचं काय, हा प्रश्न पाहणी केली नसती तर उद्भवलाच नसता.

नागपूरच्या उन्हाचा हिशेब वेगळा धरा. नोव्हेंबरातली पाहणी मे महिन्याचं काही सांगत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, सकाळी ८ नंतर आणि संध्याकाळी ७ आधी उघड्या जागेत कोणी थांबत नाही. शक्य असेल तर दोन्ही ऋतूंत पाहा. नसेल तर निदान सावली कुठं, किती वाजता पडते ते नकाशावर खूण करून ठेवा. ज्या बाकावर दुपारी चारला ऊन येतं, तो बाक वर्षातले चार महिने रिकामाच राहणार. पावसाळ्यात पाणी कुठं साचतं तेही टिपा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरल्यावर शहराला कळलं की पाणी मुरायला मोकळी माती लागते. पूर्ण जागा पेव्हरनं झाकायचा प्रस्ताव आला की ही खूण समोर ठेवता येते.

लहान गट, तेही आधी वेगवेगळे

सगळ्यांना एकदम बोलावणं ही सर्रास होणारी चूक. मोठ्या सभेत बोलतात ते पाच-सहा जण, आणि त्यांचं म्हणणं वस्तीला आधीच पाठ असतं. म्हणून पहिल्या दीड महिन्यात सहा ते आठ लहान बैठका घ्या. प्रत्येकीत सहा ते नऊ माणसं, वेळ ५० मिनिटं.

गट असे: घरमालक बाया, कॉलेजची मुलं, त्याच वयाच्या मुली (मुलांबरोबर नको), ज्येष्ठ नागरिक, भाडेकरू, दुकानदार आणि ठेलेवाले, सफाई कामगार, आणि शेजारच्या झोपडपट्टीतली किंवा जुन्या वस्तीतली माणसं. शेवटचे चार गट सहसा गळतात. भाडेकरूंना “तुम्ही तर जाणारच” म्हणून आणि शेजारच्या वस्तीला “आपली जागा आहे” म्हणून. पण जागा ते वापरतातच. त्यांना न विचारता नियम केला की तो नियम मोडला जातो, आणि मग भांडण पोलीस चौकीपर्यंत जातं.

बैठक ज्यांची, वेळ आणि जागा त्यांची. घरकाम करणाऱ्या बायांसाठी दुपारी अडीच, ठेलेवाल्यांसाठी सकाळी अकरा, पानठेल्याच्या बाकावर सुद्धा चालेल. मुलींची बैठक कोणाच्या घरी, आई दुसऱ्या खोलीत.

विचारायचं काय? “तुम्हाला काय हवं?” हा प्रश्न बाद. त्यानं यादी सुरू होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या यादीत भर घालतो. हे विचारा:

काल या जागेजवळून किती वेळा गेलात? थांबलात का? का नाही?
इथं यायला कोणाला अवघड वाटतं?
आत्ता इथं आहे त्यातलं काय हलवू नये?
जागा चांगली झाली तर आठवड्याला किती वेळ तुम्ही स्वतः द्याल?

चौथ्या प्रश्नावर शांतता पसरते. पसरू द्या. तिथून खरं बोलणं सुरू होतं.

नोंद घेणाऱ्यानं लोकांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. “महिला सुरक्षिततेचा प्रश्न” अशी नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. “सात वाजल्यानंतर पोरं गाड्यांवर बसून राहतात, म्हणून मी पोरीला दुधाला पाठवत नाही” ही उपयोगाची. पहिल्या नोंदीवर उत्तर म्हणून सीसीटीव्ही येतो, दुसऱ्या नोंदीवर गाड्या उभ्या करायची जागा दुसरीकडे सरकवायचं सुचतं, आणि ते फुकटात होतं.

बैठक कोण चालवणार

दोघं हवेत: एक चालवणारा, एक लिहिणारा. चालवणारा ले-आउटच्या मंडळाचा पदाधिकारी नको, येत्या निवडणुकीचा इच्छुक तर अजिबात नको. शेजारच्या ले-आउटमधली शिक्षिका, निवृत्त तलाठी, समाजकार्याची विद्यार्थिनी अशी माणसं शोधा. त्यानं स्वतःचं मत द्यायचं नाही. द्यायचा मोह आवरत नसेल तर त्यानं वहीच सांभाळावी.

लांबलेलं भाषण थांबवायला ठरलेली वाक्यं असू द्या. “काकाजी, हे फळ्यावर लिहिलंय, वाचून दाखवतो. आता ज्या बोलल्या नाहीत त्यांच्याकडून ऐकू.” माणसाला फळ्यावर आपलं वाक्य दिसलं की तो बहुधा बसतो. न बसणारा एखादा असतोच. त्याच्याशी सभेआधी घरी जाऊन चहावर बोलून घ्यावं, सभेत वाद घालू नये. फळा किंवा मोठा कागद नसलेली बैठक अर्ध्या ताकदीची असते, कारण मग लोक पुन्हा पुन्हा तेच सांगतात.

नकाशा टेबलावर, मग जमिनीवर

लहान गटांचं बोलणं झालं की दोन कार्डशीट चिकटवून १:५० प्रमाणात जागा काढा. आपली ३० × ४० मीटरची जागा ६० × ८० सेंटिमीटर होते. असलेली झाडं, विजेचा खांब, गटाराचं चेंबर, पाण्याची लाइन आधी पक्क्या शाईनं. मग रंगीत कागदाचे तुकडे कापा, त्याच प्रमाणात. बॅडमिंटन कोर्ट १३.४ × ६.१ मीटर, म्हणजे जवळपास २७ × १२ सेंटिमीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ × १० मीटर. व्हॉलीबॉल १८ × ९ मीटर, आणि बाजूची मोकळी जागा वेगळी. दीड मीटरचा बाक तीन सेंटिमीटर.

हे तुकडे हातात आले की भाषणं आपोआप थांबतात. व्हॉलीबॉल आणि लहान मुलांची वाळू आणि मंडपाची जागा, तिन्ही बसत नाहीत हे सांगावं लागत नाही, दिसतं. चालण्याच्या वाटेचाही हिशेब इथंच करा. कडेनं एक मीटर सोडून दीड मीटर रुंदीची वाट काढली तर मधल्या रेषेवर एक फेरी १२६ मीटरची होते. आठ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. तिला १८९ चौरस मीटर, म्हणजे जागेचा साधारण सहावा भाग लागतो. ज्येष्ठांना किलोमीटर किती फेऱ्यांचा हे कळलं आणि मुलांना किती मैदान जाणार हे कळलं, तर सौदा करता येतो: वाट दीडऐवजी १.२ मीटर, किंवा तिन्ही बाजूंनीच.

दोन किंवा तीन पर्याय उरले की ते जमिनीवर फक्कीनं आखा. चुन्याची २५ किलोची एक गोणी पुरते. टेप, सुतळी आणि आठ खुंट्या लागतात. फक्की टाकताना लहान मुलं दूर ठेवा, चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. एका शनिवारी एक पर्याय आखा, आठ दिवस तसाच राहू द्या, लोकांना त्यात वावरू द्या. पुढच्या शनिवारी दुसरा. कागदावर भांडलेली निम्मी भांडणं या पंधरवड्यात मिटतात. आखणी पावसाळ्यात ठेवू नका, एका सरीत वाहून जाते.

वस्तीसभा आणि निर्णय

इथं गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची पद्धत शिकण्यासारखी आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवलेलं ते देशातलं पहिल्यांपैकी गाव. तिथं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषय खोदून काढायचा, कागद वाचायचे, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. शहरात १८० घरांची पूर्ण सहमती होणं कठीण, हे मान्य. तरी दोन कामं वेगळी ठेवण्याचा फायदा तोच आहे. जे सात-आठ जण राबले त्यांनीच ठरवलं, असं कोणाला म्हणता येत नाही.

कायद्यातही शहरासाठी अशी जागा आहे. २००९ मध्ये महाराष्ट्रात मनपा कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली. ती भरताना मात्र क्वचितच दिसते. तुमची वस्तीसभा कायदेशीर क्षेत्रसभा होत नाही, तिच्या ठरावाला कायद्याचं बळ नाही. पत्रात तसं भासवू नका, कार्यालयात लगेच पकडतात.

सभा दीड तासाची. हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी साडेसहा, उन्हाळ्यात रात्री आठनंतर. गणपती, नवरात्र, १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा आठवडा टाळा. भारताची मॅच असेल त्या दिवशी सभा ठेवणाऱ्याला कोणी वाचवू शकत नाही. सभा त्याच जागेत, सतरंज्या गोलात, मंच नाही, सत्कार नाही, दीपप्रज्वलन नाही, पाहुणे नाहीत. नगरसेवकांना बोलावलं तर चौघांनाही बोलवा. एका प्रभागात बहुधा चार असतात आणि एकाला बोलावणं म्हणजे उरलेल्या तिघांना विरोधक करणं. त्यांनी कौल झाल्यावर, वेगळी दहा मिनिटं बोलावं.

वेळेची वाटणी: दहा मिनिटं जागेचं एक पान वाचून दाखवणं, वीस मिनिटं लहान गटांची वाक्यं (नावं न घेता), वीस मिनिटं फक्कीवरून सगळ्यांनी चालणं, तीस मिनिटं चर्चा, दहा मिनिटं कौल. कौल हात वर करून घेऊ नका, शेजाऱ्याकडे बघून हात वर जातो. चिठ्ठीवर तीनपैकी एक: ‘मान्य’, ‘चालवून घेईन’, ‘अडवतो’. ‘अडवतो’ लिहिणाऱ्यानं कारण आणि पर्याय लिहायचा. पर्याय नसलेली चिठ्ठी वाचली जाते, मोजली जात नाही. हा नियम सभेच्या सुरुवातीलाच सांगा, नंतर सांगितला तर अन्याय वाटतो. ‘अडवतो’च्या चिठ्ठ्या दहांत एकाहून जास्त आल्या तर निर्णय पुढे ढकला आणि त्या माणसांना अभ्यासगटात घ्या. किमान ६० घरांतून माणसं आलेली नसतील किंवा आलेल्यांत निम्म्या बाया नसतील तर कौल घेऊच नका, फक्त बोला.

जिथं घोडं अडतं

मंदिर, विहार, पुतळा, ध्वज. नागपूरच्या मोकळ्या जागांतला सगळ्यात नाजूक विषय हाच. सार्वजनिक रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर धर्माच्या नावानं नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. तो सुरुवातीच्या एका पानातच लिहा, म्हणजे तो कोणा एका समाजाला उत्तर म्हणून बाहेर आला असं होत नाही. जे आधीपासून आहे त्याबद्दल सभेत कौल घेऊ नये. श्रद्धेवर मतदान घेतलं की वस्ती दुभंगते, आणि त्याचा निर्णय तुमच्या हातात नसतोच. लोकांच्या मनातल्या जागेवर त्यांच्याशी नीट न बोलता खोदायला गेलं तर काय होतं, ते १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. मोठी यंत्रणा असूनही काम थांबवावं लागलं.

दुसरी अडचण कुंपण आणि कुलूप. “बाहेरची पोरं येतात” हे वाक्य येणारच. ‘बाहेरची’ म्हणजे कोण, हे चालवणाऱ्यानं शांतपणे विचारावं. बहुतेक वेळा ती पलीकडच्या वस्तीतली, आणि त्या शब्दामागे जातीचा भेद असतो, जो कोणी बोलून दाखवत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: सार्वजनिक पैशानं झालेल्या जागेला एका ले-आउटपुरतं कुलूप लावता येत नाही, नियमानं नाही आणि रीतीनंही नाही. तक्रार वागण्याबद्दल असेल तर नियम वागण्याबद्दल करा. रात्री दहानंतर दंगा नको, काच फोडणारा भरून देईल. आणि तो नियम करताना पलीकडच्या वस्तीतले दोघं अभ्यासगटात हवेत.

गाड्यांचा प्रश्न सभेत सुटत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीबद्दल बोलतो. पाहणीच्या वहीतून रात्री ९ ला किती गाड्या, कोणत्या गल्लीतल्या, एवढं वाचा आणि त्या गल्लीची वेगळी बैठक घ्या.

मंडपाचा वाद सोपा आहे: वर्षातले दिवस ठरवा, खड्ड्यासाठी अनामत ठरवा, मोडलं तर भरपाई. मंडपासाठी पक्की परवानगी मात्र मनपाकडूनच घ्यायची असते, वस्तीच्या समितीनं ती देऊ नये.

एका पानाचा करार

सभेत ठरलं ते त्याच आठवड्यात कागदावर यायला हवं. काय ठरलं, किल्ली व नळ कोणाकडे, वेळा, पाण्याची पाळी, पैसे, नियम मोडल्यास काय, आणि पुन्हा पाहण्याची तारीख. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण बदलता येणारा नियम लोक सहज मान्य करतात.

सामायिक गोष्टी सांभाळणाऱ्या समाजांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा एक निष्कर्ष इथं थेट लागू होतो: नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, देखरेख त्यांनीच ठेवावी आणि शिक्षा पायरीपायरीनं वाढावी. पहिल्या वेळी शब्द, दुसऱ्या वेळी घरी जाऊन बोलणं, तिसऱ्या वेळी भरपाई. पूर्व विदर्भाला याचा उलटा धडाही माहीत आहे. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये संपली आणि गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या सामायिक वापराचे, हक्क कागदावर राहिले, पण पाळीनं पाट काढायची रीत मोडली आणि अनेक मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळानं भरले. जागा मनपाच्या ताब्यात जाणार असेल तरी पाळी वस्तीकडेच ठेवा.

पैशाचं गणित कडक मांडा. १८० घरं, महिना ३० रुपये, म्हणजे ५,४०० होतात. पण नियोजन ६० टक्के वसुलीवर करा: १०८ घरं, ३,२४०. त्यात झाडू, दोन दिवे आणि नळाची किरकोळ दुरुस्ती बसत असेल तरच ती गोष्ट घ्या. पावती सगळ्यांना, आणि महिन्याचा हिशेब पानठेल्याजवळच्या फलकावर. बँक खात्यासाठी संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद आणि धर्मादाय कार्यालयात खेटे. पहिल्या वर्षी ते टाळून एखाद्या चालू महिला बचत गटाकडे, त्यांच्या लेखी संमतीनं, हिशेब ठेवणं सोपं जातं.

पाण्याची पाळी नावानिशी लिहा. जुलैत लावलेल्या २० रोपांना पहिले दोन उन्हाळे दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकी १० ते १५ लिटर पाणी लागतं, म्हणजे एका पाळीला २०० ते ३०० लिटर. एवढं पाणी कुठून, हे ठरलेलं नसेल तर पाचच रोपं लावा. कडुनिंब, करंज, बहावा इथल्या उन्हात तगतात. शोभेच्या विदेशी रोपांना एप्रिलमध्ये कोणी विचारत नाही.

कार्यालयात जाताना

आता निवेदन. सात मागण्यांचं एक पत्र सात टेबलांवर फिरतं आणि कुठंच थांबत नाही. एका पत्रात एक मागणी, एक विभाग: झाडांसाठी उद्यान विभाग, दिव्यासाठी झोनचा विद्युत विभाग, कचऱ्यासाठी स्वच्छता विभाग. नागपूर मनपाचे १० झोन आहेत. पत्र झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावानं, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेऊनच बाहेर पडा. सोबत चार गोष्टी: जागेचं एक पान, १:५० नकाशाचा फोटो, सभेची उपस्थिती, आणि देखभालीचा करार. शेवटचा कागद अधिकाऱ्याचा सूर बदलतो. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर “सांभाळणार कोण” हा त्याचाही प्रश्न असतो.

पत्रात पहिली मागणी पैशाची नसावी. संयुक्त पाहणीची तारीख मागा. कनिष्ठ अभियंता जागेवर आला की फक्कीवरून त्याला चालवा, गटाराचं चेंबर दाखवा. खासदार निधी (वर्षाला ५ कोटी रुपये) किंवा आमदार निधी मागायचा असेल तर लक्षात ठेवा, तो मुख्यतः नव्या टिकाऊ बांधकामाला मिळतो, रोजच्या देखभालीला नाही. म्हणून त्या निधीतून भिंत किंवा नाली मागावी, यंत्रं नको. आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या कामासाठी प्रस्ताव डिसेंबरपर्यंत गेलेला बरा. मार्चमध्ये घाईनं उरकलेल्या कामात सिमेंट मुरायलाही वेळ मिळत नाही.

पहिले नव्वद दिवस

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्ध्या तासाची उभी बैठक, त्याच जागेत, खुर्च्या न मांडता. तीनच प्रश्न: काय मोडलं, कोणाची पाळी चुकली, हिशेब किती. नव्वद दिवसांनी पाहणीची वही पुन्हा काढा आणि त्याच चार वेळांना बसा. संध्याकाळी सहाला मुली दिसतात का, दुपारी एकची झाडाखालची माणसं टिकली का, ते जुन्या पानाशेजारी लिहा. आकडा हलला नसेल तर त्या गटाची लहान बैठक पुन्हा घ्या, मोठी सभा नको. आणि पाळीच्या यादीतलं एकच नाव सलग तीन महिने सगळी कामं करताना दिसलं, तर त्या माणसाला महिनाभर सुट्टी द्या आणि त्याची कामं चार घरांत वाटा. तो थकला किंवा घर बदलून गेला की जागा पुन्हा गिट्टीवाल्यांच्या हाती जाते.